‘इजेक्ट’ची कुळकथा

पोळ्याच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत यवतमाळच्या एखाद्या फ्लेक्सच्या दुकानात डोकावलं, तर काउंटरवर पेनड्राइव्हवाल्यांची गर्दी असते. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची फाइल कॉपी होते न होते तोच गिऱ्हाईक पेनड्राइव्ह उपसायला हात घालतं आणि दुकानदार म्हणतो, “थांबा ना भाऊ, इजेक्ट करू द्या.” मग घड्याळाशेजारचं ते बारीक चिन्ह शोधणं आलं.

हा रिवाज यूएसबीपेक्षा जुना. 1970च्या दशकातल्या युनिक्समध्ये लिहायचा मजकूर आधी मेमरीत साठे, डिस्कवर मागाहून उतरे. अडत्या नाही का, सौदा कच्च्या वहीत टिपतो आणि खतावणी सवडीनं करतो! मध्येच वीज गेली की अर्धा हिशेब बुडाला. म्हणून मशीन बंद करण्याआधी ‘सिंक’ हा हुकूम द्यायचा. जुनी मंडळी तर तो तीनतीनदा देत. 1984च्या मॅकिंटॉशनं फ्लॉपी काढायचं बटणच ठेवलं नाही. लिहून झाल्यावर मशीनच ती बाहेर सोडी. त्यासाठी तिचं चिन्ह कचऱ्याच्या डब्यात ओढायचं, ही मात्र अजब तऱ्हा!

यूएसबीचा पहिला आराखडा जानेवारी 1996मधला. तो घडवणाऱ्या इंटेलच्या गटातले अजय भट्ट बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. मशीन चालू असतानाच जोडता-काढता यावं, ही यूएसबीची मूळ प्रतिज्ञा. जुन्या चौकोनी पिनेच्या तोंडात नीट पाहा: चार पट्ट्यांपैकी कडेच्या दोन जरा लांब असतात. त्या विजेच्या. त्यामुळे जोडताना वीज आधी येते, काढताना शेवटी जाते.

पण मेमरीत अडकलेला मजकूर या पट्ट्या कशा वाचवणार? 2000 साली 8 एमबीचे पेनड्राइव्ह विकायला आले, तेव्हा त्याच साली निघालेलं विंडोज न विचारता उपसलेल्या वस्तूबद्दल दटावणारी खिडकी दाखवू लागलं होतं.

2018मध्ये मायक्रोसॉफ्टनं माघार घेतली. विंडोज 10च्या 1809 आवृत्तीपासून पेनड्राइव्हवरचं लिखाण मेमरीत रेंगाळत ठेवायचं नाही, अशी सोय मुळातच केलेली असते. तरी माझं मत दुकानदाराच्या बाजूनं. कॉपी चालू असताना उपसलं तर ही सोयही कामाची नाही, आणि मॅक-लिनक्सवर इजेक्ट आजही लागतंच. ‘डिव्हाइस वापरात आहे’ असं आलं, तर आधी कोरल बंद करा, मग पुन्हा इजेक्ट द्या.