गृहनिरीक्षक परवाना (अमेरिका)

गृहनिरीक्षक परवाना हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अनेक राज्यांत, घराची शुल्क घेऊन तपासणी करणाऱ्या व्यक्तीस राज्य शासनाकडून मिळवावा लागणारा व्यावसायिक परवाना आहे. याविषयी संघराज्याचा एकच कायदा नाही. टेक्सास, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, फ्लोरिडा इत्यादी राज्यांत परवान्याविना हा व्यवसाय करता येत नाही. कॅलिफोर्निया व कॉलोराडो येथे मात्र असा राज्यस्तरीय परवानाच नाही.

कामाचे स्वरूप

घरखरेदीचा करार झाल्यावर, व्यवहार पूर्ण होण्यापूर्वी, खरेदीदार सहसा स्वखर्चाने निरीक्षक नेमतो. निरीक्षक पाया, छप्पर, विजेची जोडणी, नळकाम, तापन व वातानुकूलन यांची पाहणी करून लेखी अहवाल देतो. तपासणी डोळ्यांना दिसणाऱ्या व हात पोहोचणाऱ्या भागांपुरतीच असते. भिंत फोडून पाहण्याचा अधिकार त्याला नसतो. घराची किंमत ठरवणे हे मूल्यनिर्धारकाचे काम असून त्याचा परवाना निराळा असतो. वाळवीच्या तपासणीसाठीही बऱ्याच राज्यांत स्वतंत्र परवाना लागतो.

पार्श्वभूमी

घरातील दोष शोधण्याची जबाबदारी पूर्वी खरेदीदारावरच असे. १९७६ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स ही व्यावसायिक संघटना स्थापन झाली. १९८४ मध्ये ‘ईस्टन विरुद्ध स्ट्रासबर्गर’ या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने, विक्रेत्याच्या दलालाने घराची वाजवी दक्षतेने पाहणी करून आढळलेले दोष खरेदीदारास कळवले पाहिजेत, असा निर्णय दिला. त्या प्रकरणातील घर भरावाच्या जमिनीवर होते व खरेदीनंतर जमीन घसरून त्याचे मोठे नुकसान झाले होते. या निर्णयानंतर दलालांनाही त्रयस्थ निरीक्षकाची गरज भासू लागली.

टेक्सासमधील पद्धत

निरीक्षकांचे नियमन लवकर सुरू करणाऱ्या राज्यांत टेक्सासची गणना होते. तेथे टेक्सास रिअल इस्टेट कमिशन हा आयोग शिकाऊ निरीक्षक, स्थावर मालमत्ता निरीक्षक व व्यावसायिक निरीक्षक असे तीन स्तरांचे परवाने देतो. पहिल्या दोन स्तरांवरील व्यक्तीस व्यावसायिक निरीक्षकाच्या पुरस्काराखाली व देखरेखीखाली काम करावे लागते. स्वतंत्रपणे व्यवसाय करण्याची मुभा तिसऱ्या स्तरावरच मिळते.

व्यावसायिक निरीक्षकासाठी एकूण १९४ तासांचे प्रशिक्षण ठरवलेले आहे. त्यात इमारत तपासणीचे ४० तासांचे दोन भाग, राज्याचा कायदा २० तास, तपासणीची मानके २४ तास, निष्कर्ष व अहवाललेखन २० तास, व्यवसायव्यवहार १० तास आणि प्रत्यक्ष कार्यानुभव ४० तास यांचा समावेश होतो. त्यानंतर राष्ट्रीय गृहनिरीक्षक परीक्षा व राज्याची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. राष्ट्रीय परीक्षेत २०० बहुपर्यायी प्रश्न असतात. त्यांपैकी २५ प्रायोगिक असून त्यांचे गुण धरले जात नाहीत, मात्र ते कोणते हे उमेदवारास कळत नाही. २०० ते ८०० या मापनश्रेणीत किमान ५०० गुण आवश्यक असतात. याशिवाय बोटांच्या ठशांवरून पार्श्वभूमीची पडताळणी होते आणि किमान १,००,००० डॉलरचा व्यावसायिक दायित्व विमा उतरवावा लागतो.

परवानाधारकास आयोगाच्या ठरावीक नमुन्यातच अहवाल द्यावा लागतो. त्यात प्रत्येक घटकापुढे ‘तपासले’, ‘तपासले नाही’, ‘अस्तित्वात नाही’ किंवा ‘सदोष’ अशी नोंद असते. वीज जमिनीकडे गळताच प्रवाह तोडणारी सुरक्षा यंत्रणा आवश्यक जागी नसल्यास, घर बांधले तेव्हा ती बंधनकारक नसली तरी, ‘सदोष’ अशीच नोंद करावी लागते. विक्रेत्यांना ही तरतूद जाचक वाटणे स्वाभाविक असले, तरी नमुन्याचा रोख रहिवाशाच्या सुरक्षिततेवर आहे.

इतर राज्ये

न्यू यॉर्कमध्ये १४० तासांचे प्रशिक्षण लागते. त्यांपैकी ४० तास परवानाधारक निरीक्षकाच्या उपस्थितीत प्रत्यक्ष घरांवर विनावेतन काम करावे लागते. न्यू जर्सीत एकूण १८० तास ठरवले आहेत. कॅलिफोर्नियात परवाना नसला, तरी निरीक्षकाने ज्या घराचा अहवाल दिला त्याच घराची दुरुस्ती १२ महिन्यांच्या आत मोबदला घेऊन करण्यास कायद्याने मनाई आहे.

हितसंबंधांचा प्रश्न

निरीक्षकाचे शुल्क खरेदीदार देत असला, तरी त्याचे नाव अनेकदा दलालच सुचवतो आणि दलालाचे कमिशन व्यवहार पूर्ण होण्यावर अवलंबून असते. कठोर अहवालामुळे व्यवहार मोडल्यास पुढील कामे मिळणार नाहीत, ही भीती परीक्षा व प्रशिक्षणाने दूर होत नाही. शिवाय अनेक करारांत निरीक्षकाचे दायित्व त्याने घेतलेल्या शुल्काइतकेच मर्यादित केलेले असते. अशा कलमांची वैधता राज्यागणिक बदलते.

भारतातील स्थिती

भारतात गृहनिरीक्षकासाठी स्वतंत्र परवाना नाही. गृहकर्ज देताना बँक मूल्यांकन करून घेते, परंतु ते प्रामुख्याने बँकेच्या तारणाच्या सुरक्षिततेसाठी असते. मुंबईत महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून करून घ्यावी लागते. ती संपूर्ण इमारतीची असते, एखाद्या सदनिकेच्या खरेदीदारासाठी नसते. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत संरचनात्मक दोष निदर्शनास आणल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणे बंधनकारक आहे. एका रहिवाशाकडून दुसऱ्याने घेतलेल्या जुन्या घराच्या विक्रेत्यावर मात्र या कलमाने अशी जबाबदारी येत नाही.