मराठी माध्यमातून मेडिकल-नर्सिंगला गेलात? ॲनाटॉमी-फिजिओलॉजीत मार्क असे मिळवा

आदिलाबाद : पैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या मराठी घरांतली मुलं-मुली आता मेडिकल आणि नर्सिंगला जाताना दिसतात. आदिलाबादचं रिम्स 2008 मध्ये सुरू झालं. 2016 मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि पुढे मंचेरियाल (2022), निर्मल, आसिफाबाद (2023) इथंही सरकारी मेडिकल कॉलेजं निघाली. पलीकडे यवतमाळचं कॉलेज आहेच. इकडचं विद्यापीठ वारंगलचं, तिकडचं नाशिकचं. पण पहिल्या वर्षी मराठी शाळेतला विद्यार्थी अडतो तो एकाच ठिकाणी. नीट मराठीतून देता येते, एमबीबीएसचा पेपर मात्र इंग्रजीत लिहावा लागतो.

आणि इथं अडून चालत नाही. पहिल्या वर्षाची परीक्षा पास व्हायला जास्तीत जास्त चार प्रयत्न मिळतात, त्यानंतर शिक्षण थांबतं. थिअरीला 75 आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के हजेरी नसेल तर परीक्षेलाच बसता येत नाही. नर्सिंगलाही हे दोन विषय सुरुवातीलाच येतात.

बहुतेक जण पहिली चूक करतात ती शब्द घोकण्याची. ॲनाटॉमीतले शब्द लॅटिन-ग्रीक आहेत, म्हणजे इंग्रजी माध्यमाच्या पोरांनाही ते परकेच. त्यांचा अर्थ काढला की अर्धं काम होतं. आपण गुडघ्याची वाटी म्हणतो ना? पॅटेला म्हणजे लॅटिनमध्ये छोटी ताटलीच. मनगटातली आठ हाडं घ्या. स्कॅफॉइड म्हणजे होडीसारखं, ल्युनेट चंद्रकोरीसारखं, ट्रायक्वेट्रम तीन कोपऱ्यांचं, पिसिफॉर्म वाटाण्याएवढं, कॅपिटेट डोकं असलेलं, हॅमेट आकडा असलेलं. राहिले ट्रॅपेझियम आणि ट्रॅपेझॉइड, ते भूमितीच्या पुस्तकातून आलेले. माकडहाडाला कॉक्सिक्स म्हणतात, कारण ग्रीकांना त्यात कोकिळेची चोच दिसली. एक वही करा. डावीकडे इंग्रजी नाव, मध्ये मूळ अर्थ, उजवीकडे घरातला शब्द : नडगी, बरगडी, खुबा, फरा, पोटरी.

एका शब्दापासून मात्र सांभाळा. काळीज धडधडतं असं आपण म्हणतो तेव्हा ते हृदय असतं, पण मटणाच्या दुकानात कलेजी मागितली की यकृत मिळतं. तेलुगूतही कालेयम् म्हणजे यकृतच.

ॲनाटॉमी वाचून येत नाही, काढून येते. ब्रॅकियल प्लेक्ससचंच बघा. सी-5 ते टी-1 ही पाच मुळं, त्यांचे तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड आणि शेवटी पाच मोठ्या शाखा. रोज सकाळी पुस्तक न उघडता कोऱ्या कागदावर काढा. मग स्वतःच्या अंगावर शोधा. कोपर दाराला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, ती अल्नर नर्व्ह. दंडाचं हाड मधोमध मोडून रेडियल नर्व्ह दुखावली तर मनगट लुळं पडतं. असं क्लिनिकल कारण दोन ओळींत लिहिलं की उत्तराचं वजन वाढतं. डिसेक्शन हॉलमध्ये मागे उभं राहू नका. चौरसिया आदल्या रात्री वाचून जा, म्हणजे टेबलावर काय शोधायचं ते कळतं.

फिजिओलॉजीचं तंत्र वेगळं. इथं साखळी लागते. मे महिन्यातली आदिलाबादची दुपार डोळ्यांपुढे आणा. शेतात घाम गेला, रक्त दाट झालं, हायपोथॅलॅमसला ते कळलं, तहान लागली, पिट्युटरीच्या मागच्या भागातून एडीएच सुटलं, मूत्रपिंडाने पाणी परत ओढलं, लघवी कमी आणि पिवळी झाली. अख्खा धडा त्यात आला. सोबत आकडे टाका : मिनिटाला 125 मिली गाळलं जातं, म्हणजे दिवसाला 180 लिटर, आणि बाहेर पडते जेमतेम दीड लिटर लघवी. हृदयाचंही तसंच, एका ठोक्याला 70 मिली गुणिले 72 ठोके, झाले मिनिटाला पाच लिटर. हिमोग्लोबिन शिकताना सिकलसेल सोडू नका. उटनूर भागातल्या आदिवासी पाड्यांवर हा आजार आहे, आणि त्याचं मूळ बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येण्यात.

वाचलेलं टिकवायचं कसं? 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते, पण आठवड्यानंतर स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना जास्त आठवलं. म्हणून हायलायटर कमी वापरा. आज शिकलेलं उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुस्तक मिटून लिहा. चुकलं तेवढंच परत वाचा.

व्हायव्हाला आपली मुलं गप्प राहतात, हे सगळ्यात वाईट. उत्तर येत असतं, इंग्रजी वाक्य जुळत नाही. यावर उपाय म्हणजे रूममेटसमोर रोज दहा मिनिटं हाड हातात धरून बोलणं. व्याकरण चुकू द्या. क्रम ठरलेला ठेवा : हाडाचं नाव, डावं की उजवं आणि ते कशावरून, मग भाग, मग जोडलेले स्नायू. डावं-उजवं चुकलं तर पुढचं सगळंच फसतं.

इकडच्या कॉलेजात असाल तर तेलुगू शब्दही वहीत चौथ्या रकान्यात घ्या. पुढे वॉर्डात पेशंट 'गुंडे नोप्पि' म्हणेल तेव्हा मराठी माणसाला आधी गुंडच आठवतात. गुंडे म्हणजे हृदय, नोप्पि म्हणजे दुखणं. मूत्रपिंडाला मात्र तेलुगूतही मूत्रपिंडमच म्हणतात, तेवढं पाठ करायची गरज नाही.