ठासणीच्या बंदुकीचा दस्ता : स्वच्छता आणि जतन

ठासणीच्या बंदुकीची नळी आणि घोड्याची यंत्रणा ज्या लाकडी अंगात बसविलेली असते, त्यास दस्ता म्हणतात. ‘एन्फिल्ड पॅटर्न १८५३’ ही या जातीची सर्वपरिचित बंदूक. तिच्या काडतुसांना गायीची व डुकराची चरबी लावलेली असते, या समजामुळे १८५७ च्या उठावाशी तिचे नाव कायमचे जोडले गेले. ०.५७७ इंच व्यासाची आणि ३९ इंच लांबीची तिची नळी तीन लोखंडी कड्यांनी अक्रोडाच्या दस्त्यात आवळलेली असे. लाकडाला जवसाचे तेल मुरविलेले असे. दीडशे वर्षांनंतर असा दस्ता काळवंडलेला आढळतो आणि त्यास ‘नव्यासारखा’ करण्याचा मोह होतो. जुन्या दस्त्यांची सर्वाधिक हानी या मोहापायीच होते.

काम सुरू करण्यापूर्वी बंदूक रिकामी असल्याची खात्री करणे अत्यावश्यक आहे. लाकडी काठी नळीत तळापर्यंत घालून तोंडाशी खूण करावी आणि तीच काठी नळीच्या बाहेरून धरून पाहावी. काठी नळीच्या मागील टोकाजवळ, टोपी बसविण्याच्या जागेपर्यंत पोहोचत नसेल, तर आत जुना बार असण्याची शक्यता असते. अशी बंदूक स्वतः हाताळू नये. जाणकाराकडे अथवा पोलिसांकडे द्यावी.

सुटे करण्याचा क्रम ठरलेला आहे. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेऊन प्रथम ठासणीचा गज काढावा. घोडा अर्ध्यावर चढवून यंत्रणेचे दोन आडवे स्क्रू काही फेरे सैल करावेत व त्यांच्या डोक्यांवर लाकडी हातोडीने हलकेच ठोकावे. त्यामुळे यंत्रणा आपल्या खाचेतून सुटते. पाते घालून ती उचकटल्यास खाचेची पातळ कड हमखास तुटते. नंतर कड्या सैल करून काढाव्यात, नळीच्या शेपटीचा स्क्रू सोडवावा आणि बंदूक उलटी करून नळी अलगद हातात घ्यावी. स्क्रूड्रायव्हरचे पाते खाचेत नेमके बसणारे असावे. खासगी कारखानदारांनी बनविलेल्या बंदुकांचे भाग हाताने जुळविलेले असत. म्हणून प्रत्येक स्क्रू त्याच्याच छिद्रात परत जाईल, अशी नोंद ठेवावी.

लाकूड घासण्यासाठी पॉलिश पेपर वापरू नये. दस्त्यावर कारखान्याचे गोल शिक्के, सरकारी मालकीची बाणाची खूण व तपासनिसांच्या निशाण्या ठोकलेल्या असतात. बंदूक कोठे घडली व कोणाकडे होती, याचा तो पुरावाच होय. घासल्याने या खुणा पुसट होतात, कडा गोलावतात आणि लाकूड पितळी पट्टीच्या पातळीखाली जाते. जाणकार ही चूक तत्काळ ओळखतात. टर्पेंटाइनमध्ये किंचित भिजविलेल्या सुती कापडाने मळ व जुने तेल काढणे बहुधा पुरेसे ठरते.

दबलेला पोचा वाफेने वर येऊ शकतो. त्यावर ओलसर कापड ठेवून गरम इस्त्री क्षणभर टेकविली की चेपलेले तंतू फुगतात. तुटलेले तंतू मात्र भरून येत नाहीत. शिक्का हाही दाबाने पडलेला पोचाच असल्याने वाफ त्यालाही पुसून टाकते. म्हणून शिक्क्यांच्या आसपास हा उपाय करू नये.

शेवटचा लेप कोणता द्यावा, याविषयी दोन मते आहेत. पारंपरिक पद्धतीत जवसाच्या तेलाचे अतिशय पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन, तळहाताने चोळतात. हे तेल कालांतराने काळपट व कठीण होते आणि सहज काढता येत नाही. म्हणून संग्रहालयांतील तज्ज्ञ पुढे काढता येईल असे मायक्रोक्रिस्टलाइन मेण पसंत करतात. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेतात. त्या पसरून वाळवाव्यात अथवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

भारतात कायद्याचे भानही आवश्यक आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील सूट दुरुस्तीनंतरही चालू न शकणाऱ्या जुन्या शस्त्रांनाच लागू होते. इतरांसाठी परवाना लागतो. शंभर वर्षांहून जुनी बंदूक १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरू शकते आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही.

मळ आज काढला नाही तरी उद्या काढता येतो. घासून गेलेला शिक्का पुन्हा उमटविता येत नाही. शंका असेल तेथे हात आवरणे, हाच जतनाचा पहिला नियम होय.