पेशीतला रंग आणि प्राणवायू

पेशी प्राणवायू कशी वापरते याचा पहिला धागा इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन इथे सापडला. तिथले डॉक्टर चार्ल्स मॅकमन यांनी १८८४ पासून प्राण्यांचे स्नायू व इतर ऊती वर्णपटदर्शकाखाली पाहिल्या आणि ठरावीक जागी काळे पट्टे नोंदवले. हे पट्टे उमटवणारे रंगद्रव्य श्वसनाचे काम करते, असे त्यांनी मांडले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ होप-झायलर यांना ते पटले नाही. त्यांच्या मते हा हिमोग्लोबिनचाच अवशेष होता. त्यांचा दरारा एवढा होता की विषय तिथेच बुडाला. मॅकमन १९११ मध्ये वारले, तेव्हाही त्यांचे म्हणणे मान्य झालेले नव्हते.

केंब्रिजमध्ये कीटक-परजीवींचा अभ्यास करणाऱ्या डेव्हिड केलिन यांना या वादाशी घेणेदेणे नव्हते. घोड्याच्या जठरात वाढणाऱ्या बॉट माशीच्या अळीत हिमोग्लोबिन असते. माशी झाल्यावर त्याचे काय होते, एवढेच ते शोधत होते. माशीच्या पंखांच्या स्नायूंत त्यांना वेगळेच चार पट्टे दिसले. तेच पट्टे यीस्टमध्येही होते, आणि यीस्टला रक्त कुठले? यीस्टचे पाणी हवेत घुसळले की पट्टे नाहीसे होत, स्थिर ठेवले की परत येत. सायनाइड घातल्यावर मात्र घुसळूनही ते जात नसत. रंगद्रव्य प्राणवायूच्या वाटेवरच काम करते, याचा हा डोळ्यांदेखतचा पुरावा. १९२५ मध्ये केलिन यांनी त्याला सायटोक्रोम हे नाव दिले.

बर्लिनमध्ये ओटो वारबुर्ग प्राणवायूला थेट भिडणारा विकर शोधत होते. कार्बन मोनॉक्साइडने यीस्टचे श्वसन मंदावते व प्रकाश पडताच पुन्हा वाढते, हे त्यांना दिसले. कोणत्या रंगाचा प्रकाश किती उपयोगी पडतो हे मोजून त्यांनी त्या विकरात लोहयुक्त हीम असल्याचे दाखवले. त्यांना १९३१ चे नोबेल मिळाले. हा विकर सायटोक्रोमांच्याच साखळीचे शेवटचे टोक आहे, हे पुढे केलिन आणि त्यांचे सहकारी हार्ट्री यांच्या कामातून उलगडले.

या साखळीत अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातात आणि अखेर प्राणवायूला मिळून पाणी बनते. सुटणाऱ्या ऊर्जेतून एटीपी, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी वापरते तो रेणू, कसे तयार होते, हे कोडे मात्र उरले. मधला एखादा रासायनिक पदार्थ असणार, या समजुतीने बरीच वर्षे शोधाशोध झाली. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये सांगितले की तसा पदार्थ नाहीच: साखळी तंतुकणिकेच्या (पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिऑनच्या) आतल्या पटलातून प्रोटॉन बाहेर ढकलते आणि ते परत आत येताना, धरणाच्या पाण्याने जनित्र फिरावे तसे, एटीपी बनवणारा विकर चालतो. बहुतेकांनी सुरुवातीला ही कल्पना झिडकारली. १९७८ मध्ये तिला नोबेल मिळाले. तो विकर खरोखर फिरतो, हे पॉल बॉयर यांच्या मांडणीतून आणि जॉन वॉकर यांनी १९९४ मध्ये उलगडलेल्या त्याच्या रचनेतून पुढे आले.