दोनदा भाजलेला पाव : प्रस्तावना

खाद्येतिहासात पावावर उदंड लिहिले गेले आहे. तो पुन्हा भाजण्यावर मात्र फार थोडे. या विषयाकडे वळणाऱ्या अभ्यासकांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. टोस्टचा जनक शोधण्यात कोणी वेळ घालवू नये. विजेच्या टोस्टरला अशाच शोधात एक खोटा जनक चिकटला. १८९३ साली एका स्कॉटिश संशोधकाने तो तयार केला, ही माहिती विकिपीडियावर जवळजवळ दहा वर्षे होती. वर्तमानपत्रांनी आणि पुस्तकांनी ती तशीच उचलली. २०२२ मध्ये उघड झाले की ती विद्यार्थ्यांनी गमतीत रचलेली थाप होती.

प्राचीन काळातला पाव आपल्या हाती येतो तो बहुधा जळाला म्हणूनच. न जळलेला कुजून जातो. जॉर्डनच्या ईशान्येकडील शुबायका येथे चुलीच्या राखेत सापडलेले पावाचे कण सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीचे आहेत, म्हणजे शेती सुरू होण्याच्याही सुमारे चार हजार वर्षे आधीचे. रानटी गहू आणि पाणवनस्पतींचे कंद दळून ती भाकरी केली असावी. पण हे कण मुद्दाम भाजले गेले की चुलीत पडून करपले, हे नुसत्या कोळशावरून ठरत नाही. म्हणून त्यांना टोस्टचा पुरावा म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे.

पाव दोनदा भाजण्याची रीत ठामपणे दिसते ती लेखी साधनांत, आणि तीही मेजवानीच्या वर्णनांत नव्हे, सैन्याच्या शिधावाटपात. इ. स. ३६० च्या एका रोमन फर्मानानुसार मोहिमेवरच्या शिपायाला दोन दिवस कडक वाळलेला पाव आणि तिसऱ्या दिवशी साधा पाव मिळे. ५३३ साली सम्राट जस्टिनियनचे आरमार आफ्रिकेकडे निघाले, तेव्हाची हकिगत सोबत असलेल्या प्रोकोपिअसने लिहून ठेवली आहे. सैन्याचा पाव दोनदा भट्टीत घालावा लागे. त्यात त्याचे वजन घटे, म्हणून शिपायाला वजनात चौथाई सूट दिली जाई. कॅपाडोशियाचा जॉन या अधिकाऱ्याला सरपण आणि मजुरी वाचवायची होती, शिवाय वजनही घटू द्यायचे नव्हते. त्याने कणीक कॉन्स्टँटिनोपलच्या सार्वजनिक स्नानगृहात, पाणी तापवण्याच्या आगीजवळ ठेवली आणि वरवर शिजली तशी पोत्यांत भरून पाठवली. आरमार वाटेतल्या मेथोनीला पोचेपर्यंत पावाचा भुगा होऊन तो सडला होता. तो खाऊन पाचशेच्या आसपास माणसे दगावली. दुसरी भाजणी कशासाठी होती, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगणारे साधन माझ्या पाहण्यात नाही. चव, रंग, कुरकुरीतपणा हे पुढचे. आधी ओल घालवायची आणि बुरशी टाळायची.

म्हणूनच मी टोस्टकडे न्याहारीचा पदार्थ म्हणून न पाहता साठवणीचा उपाय म्हणून पाहतो. क्रीटमधला सातूचा पॅक्सिमादी आजही खाण्याआधी पाण्यात भिजवतात, तो याच कुळातला. शिळा पाव शेकून दारूत बुडवण्याची युरोपातली चाल शेक्सपिअरच्या काळी घरोघरी ठाऊक होती. भाजताना येणाऱ्या तांबूस रंगामागची रासायनिक क्रिया फ्रेंच शास्त्रज्ञ मेयार याने १९१२ मध्ये मांडली. निक्रोमची तार १९०६ नंतर उपलब्ध झाली, तेव्हा कुठे विजेचा टोस्टर घरात टिकण्याजोगा झाला. या गोष्टींवर निदान थोडेफार लेखन आहे.

उणीव आहे ती आपल्याकडच्या नोंदींची. चहात बुडवून खातो तो आपला बेकरीतला टोस्टही दोनदा भाजलेलाच पाव आहे. एकदा लादी म्हणून, मग काप करून. मुंबई-पुण्यातल्या जुन्या बेकऱ्या आणि गोव्यातल्या पोदेरांच्या भट्ट्या दिवसेंदिवस बंद होत आहेत, आणि तिथल्या कारागिरांचे ज्ञान बहुतांशी तोंडीच आहे. दुसऱ्या भाजणीला भट्टी किती निववतात, काप किती तास आत ठेवतात, वजन किती घटते, माल किती दिवस टिकतो, एवढे तरी त्यांना विचारून लिहून ठेवा. नव्या अभ्यासकांनी कामाला सुरुवात तिथूनच करावी, ही माझी विनंती आहे.