तापाच्या गोळीची दोन नावं

मिरजेत नर्सिंग शिकताना आमच्या ट्यूटर सिस्टर दटावून सांगायच्या, कंपनीनं ठेवलेलं नाव विसरा, औषधाचं मूळ नाव पाठ करा. मस्कतच्या आणि नंतर लेस्टरच्या वॉर्डात मी तेच करत आले. पण तापाच्या गोळीपुढे हा नियमही अपुरा पडतो, कारण तिची मूळ नावंच दोन आहेत. भारत, इंग्लंड, आखात इथं पॅरासिटामॉल. अमेरिका, कॅनडा, जपान इथं असिटामिनोफेन.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तापावर असिटॅनिलाइड नावाचं औषध गाजत होतं. ते सापडलं कसं, तर 1886 मध्ये स्ट्रासबुर्गच्या काहन आणि हेप या डॉक्टरांनी जंतांच्या रुग्णासाठी नॅफ्थलीन मागवलं आणि औषधाच्या दुकानातून भलतीच बाटली आली. जंत गेले नाहीत, ताप मात्र उतरला! (देण्याआधी लेबल तीनदा वाचा, हे आम्हाला उगाच घोकून घेत नव्हते.) पण या औषधानं रुग्ण निळे पडायचे. शेवटी 1948 मध्ये ब्रॉडी आणि ॲक्सेलरॉड यांनी दाखवून दिलं, की शरीरात गेल्यावर असिटॅनिलाइडचं बहुतांश पॅरासिटामॉल होतं आणि गुण येतो तो त्याचाच. हे पॅरासिटामॉल हार्मन मोर्स यांनी अमेरिकेत त्याच्या सत्तर वर्षं आधीच बनवून ठेवलं होतं.

मग बाजार जागा झाला. 1955 मध्ये अमेरिकेत मुलांसाठी टायलेनॉलचं पातळ औषध आलं, 1956 मध्ये इंग्लंडात पॅनाडॉल. पॅरा-असिटिल-अमिनो-फिनॉल या लांबलचक रासायनिक नावातली वेगवेगळी अक्षरं उचलून दोन्हीकडच्यांनी आपापलं नाव बेतलं. जागतिक आरोग्य संघटनेनं औषधांना जगभर एकच नाव असावं असं 1950 मध्ये ठरवलं होतं आणि तिच्या यादीत पुढे पॅरासिटामॉल हे नाव बसलं. अमेरिकेनं आपलं सोडलं नाही. पेथिडिन या वेदनाशामकाचंही तसंच, तिकडे ते मेपेरिडिन. ताप-दुखण्यावरच्या ॲनाल्जिनला तर अमेरिकेनं 1977 मध्ये दारच बंद केलं, जर्मनीत मात्र ते आजही डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं.

ॲस्पिरिनची गत उलटी. ते बायर कंपनीचं 1899 चं व्यापारी नाव. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर इंग्लंड-अमेरिकेत बायरचा त्यावरचा हक्क गेला आणि ते कुणीही वापरावं असं झालं. कॅनडात अजून त्यावर बायरचाच हक्क आहे.

हा इतिहास कुणी करमणूक म्हणून ऐकेल. वॉर्डात त्याचा हिशेब मिलिग्रॅममध्ये होतो. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त 4 ग्रॅम, म्हणजे 500 च्या आठ गोळ्या. लेस्टरला मुलाकडे आलेल्या एक काकू गावाकडची क्रोसिन घेत होत्या, सून वर पॅनाडॉल देत होती आणि सर्दीसाठी गरम पाण्यात लेमसिपची पुडी. तिन्हींत पॅरासिटामॉलच. ‘‘अगं, तीन वेगळी औषधं आहेत ती,’’ काकू मलाच समजावत होत्या. अमेरिकेत तर दुखण्यावरच्या जोडगोळ्यांच्या बाटलीवर नुसतं ‘एपीएपी’ लिहिलेलं असे, तेही हेच. मात्रा जास्त झाली तर पहिल्या दिवशी फार तर मळमळ होते, आणि तोवर यकृत बिघडायला लागलेलं असतं. असिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो जितका लवकर मिळेल तितका बरा.

म्हणून परदेशी निघालेल्या आईबाबांना माझं एकच सांगणं. गोळ्या सुट्या करून डबीत भरू नका. स्ट्रिप अख्खी न्या, आणि सिस्टरनं काय घेतलं म्हणून विचारलं तर नाव सांगत बसू नका, स्ट्रिपच तिच्या हातात द्या.