शेपटी नसलेलं विमान

गेल्या महिन्यात एकाच सकाळी मोबाइलवर दोन मेसेज आले. मोहल्ल्याच्या ग्रुपवर: राइट बंधूंच्या हजार वर्षं आधी अब्बास इब्न फिरनास आकाशात उडाला होता. लांज्याच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर: राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, 1895 साली, शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं. दोन्हींखाली अंगठ्यांची रांग, आणि गोऱ्यांनी श्रेय लाटल्याची तीच तक्रार.

आता पुरावे पाहू. तळपद्यांच्या उड्डाणाचा त्या काळातला खात्रीचा पुरावा नाही. ज्या वैमानिक शास्त्राचा हवाला दिला जातो, ते विसाव्या शतकातलं असून त्यातली विमानं उडू शकत नाहीत, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 मध्ये दाखवून दिलं. हे आमच्या मोहल्ल्यात आवडीने ऐकलं जातं. पण मग इब्न फिरनासचं काय? तो नवव्या शतकातला, कोर्दोबाचा. त्याच्या उड्डाणाची हकिगत लिहिली अल-मक्करीने, सतराव्या शतकात. आधार म्हणून एका जुन्या कवीची ओळ, बस्स. एकाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं, हे मला जमत नाही.

तरी अल-मक्करीचा एक तपशील मला खरा वाटतो. इब्न फिरनास उडाला, पण उतरताना पाठ दुखावून घेतली. पक्षी शेपटीच्या आधाराने उतरतो आणि यानं शेपटी लावलीच नव्हती. निव्वळ बढाई मारणारा माणूस ही चूक सांगत बसला नसता.

आजच्या हलक्या विमानातही खरी परीक्षा उतरतानाच असते. अमेरिकेने 2004 मध्ये या वर्गासाठी घातलेल्या मर्यादा पाहा: दोन आसनं, एक इंजिन, उड्डाणावेळी जास्तीत जास्त 600 किलो वजन. आणि ताशी साधारण 83 किलोमीटरपर्यंत वेग कमी केला तरी पंखांनी विमान तोलून धरलं पाहिजे, अशी तेव्हाची अट होती. वेग त्याहून घटला की पंखांची उचल सुटते. म्हणून वैमानिक धावपट्टीलगत येईपर्यंत वेग राखतो आणि अगदी शेवटी नाक हळूच उचलतो. हे नाक उचलण्याचं काम शेपटीवरची हलती फळी करते. वजन कमी असल्याने आडवा वारा अशा विमानाला चटकन ढकलतो, त्यामुळे पायातलं रडर सतत जागं ठेवावं लागतं.

अभिमानच हवा असेल तर कॅप्टन अमोल यादव आहेत. कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. हे हलक्या वर्गातलं नव्हे, मोठं. त्याआधी दोन विमानं करून पाहिली होती. 2016 मध्ये ते वांद्र्याच्या प्रदर्शनात मांडलं, 2017 च्या नोव्हेंबरात नोंदणी मिळाली आणि 2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उचललं. कागद मिळवायला लागलेली वर्षं धरली, तर गच्चीवरचं काम सोपं म्हणावं लागेल.

हे सगळं मी दोन्ही ग्रुपवर लिहिलं. मोहल्ला गप्प. शाळेच्या ग्रुपवर एकाने विचारलं, “धुळ्याला उडालं, मग रत्नागिरीच्या धावपट्टीवर उतरेल काय रे?”